प्रेसवर दोन बोटं गेली, कॉन्ट्रॅक्टर 60 हजार देऊन स्टॅम्पवर सही मागतोय. पुढं काय?

उद्यमनगर_पाव्हणा

मेव्हण्याचं प्रकरण आहे, जाणकारांनी सांगावं. वय 28. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका प्रेसशॉपमध्ये कॉन्ट्रॅक्टरकडून ऑपरेटर होता. 12 ऑगस्ट 2025 रोजी सेकंड शिफ्टला 50 टनी पॉवर प्रेसवर उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. अनामिका वाचली, पण ताठ झालीय, वाकत नाही.

पगार 14,000. त्यातले 9,500 बँकेत, बाकीचे ओव्हरटाइम म्हणून पाकिटात. खाजगी दवाखान्याचं 85,000 बिल कॉन्ट्रॅक्टरनं भरलं, पण व्हाउचरवर सही घेतली आणि त्यावर 'उचल' असं लिहिलंय. दवाखान्यात सोबत मुकादम गेलेला. केसपेपरवर 'घरी मोटरीच्या पट्ट्यात हात सापडला' असं आहे. अपघातानंतर दोन दिवसांनी, 14 तारखेला, मोबाइलवर ईएसआयचा (कामगारांच्या सरकारी विम्याचा) नंबर मिळाल्याचा मेसेज आला. त्याआधी कधी ईएसआय कापलेला नाही, पगाराची चिठ्ठीच नाही.

आता 60,000 घ्या आणि '500 च्या स्टॅम्पवर तक्रार नाही' असं लिहून द्या म्हणतात. मालक म्हणतो, तो आमचा माणूसच नाही. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, माझ्याकडं आठच कामगार, मला कुठलाच कायदा लागत नाही. सही करावी का, आणि हिशेबानं किती बसतात?

---

लेबरकोर्टवाला

सही करू नका. केली असली तरी फार बिघडत नाही, ते खाली येतंय.

अपघात 21 नोव्हेंबर 2025 च्या आधीचा आहे. त्या दिवसापासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, पण हा अपघात जुन्या कायद्यातला. म्हणजे कर्मचारी नुकसानभरपाई कायदा 1923. आपल्याकडं त्याचा कमिशनर म्हणजे कामगार न्यायालयाचे न्यायाधीश, अर्ज नमुना 'एफ' मध्ये, मुदत अपघातापासून दोन वर्षं.

हिशेब असा. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर पगाराच्या 60 टक्के गुणिले वयाचा गुणक. पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात (जानेवारी 2020 पासून, त्याआधी 8,000 होता). 28 वर्षांचा गुणक 211.79. म्हणजे 14,000 चे 60 टक्के 8,400, गुणिले 211.79, झाले 17,79,036. हे शंभर टक्क्यांचे. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत (कुठल्या इजेला किती टक्के, त्याचा तक्ता) 20 टक्के, म्हणजे 3,55,807 रुपये. त्याच अनुसूचीत अख्खी तर्जनी 14 आणि अख्खं मधलं बोट 12 अशा सुट्या नोंदीही आहेत, त्यांची बेरीज 26 होते, म्हणजे 4,62,549. 'दोन बोटं' अशी सरळ नोंद असल्यानं समोरचा वकील 20 लाच चिकटणार. अर्जात 26 मागायला काय जातंय.

अनामिकेकडं मात्र नीट बघा, खरा पैसा तिथं आहे. अनुसूचीच्या शेवटी एक टीप आहे: अवयवाचा वापर पूर्ण आणि कायमचा गेला, तर तो अवयवच गेला असं धरायचं. सर्जननं सर्टिफिकेटवर 'अनामिका ताठ, वापर पूर्णपणे व कायमचा गेला' असं लिहिलं, तर तीन बोटं धरतात आणि तीन बोटांचे 30 टक्के. 5,33,711 झाले. 'हालचाल मर्यादित' एवढंच लिहिलं तर ती अनुसूचीबाहेरची इजा ठरते, आणि मग टक्के डॉक्टरनं साक्षीत सांगावे लागतात. दोन शब्दांत पावणेदोन लाखांचा फरक.

सहीबद्दल. कलम 17 प्रमाणे भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल असतो. तडजोड करायचीच असेल तर ती कमिशनरकडं नोंदवावी लागते, आणि रक्कम तुटपुंजी वाटली तर ते नोंदवत नाहीत. नोटरीचा शिक्का मारलेला स्टॅम्प म्हणजे कागदाचा तुकडा. तरी सही करू नका म्हणतोय, कारण त्या कागदात दोन ओळी हमखास घुसवलेल्या असतात: 'माझ्या चुकीमुळे अपघात झाला' आणि 'मी कामगार नसून तात्पुरता मदतनीस होतो'. करार रद्द होतो, पण त्यातली कबुली उलटतपासणीत काढतात.

85,000 च्या उचलीची काळजी सोडा. उपचारासाठी मालकानं दिलेला पैसा भरपाईत धरायचा नाही, असं कलम 4 मध्येच स्पष्ट आहे. उलट उपचाराचा खर्च मालकानं सोसायचाच असतो. फक्त व्हाउचरची तारीख आणि दवाखान्याच्या पावतीची तारीख जुळवून ठेवा, म्हणजे ती उचल नव्हे, बिल होतं हे दिसतं. आणि 'तो आमचा माणूस नाही' याला कलम 12 चं उत्तर आहे: कॉन्ट्रॅक्टरचा माणूस मालकाच्या आवारात, मालकाच्याच धंद्याचं काम करत होता, तर मालक देणं लागतो. मग त्यानं कॉन्ट्रॅक्टरकडून वसूल करावं. अर्जात दोघांनाही पार्टी करा. विम्याची पॉलिसी असेल तर विमा कंपनी तिसरी.

---

विमा_हप्ता_075

वरचा हिशेब बरोबर आहे, पण दार चुकीचं असू शकतं. 14 तारखेचा मेसेज वाचला नाही का?

जिथं ईएसआय लागू आहे तिथं ईएसआय कायद्याच्या कलम 53 मुळं मालकावर नुकसानभरपाईचा अर्ज चालतच नाही. मग चार वर्षं तारखा घालायच्या आणि शेवटी 'अर्ज कायद्यानं चालण्याजोगा नाही' म्हणून फेटाळलेला बघायचा. म्हणून आधी एकच प्रश्न सोडवा: त्या शेडला ईएसआय लागू होता का? किती मिळतील हे त्यानंतर.

लागू व्हायला दहा माणसं पुरतात आणि कामगाराचा पगार 21,000 पर्यंत हवा. कॉन्ट्रॅक्टरचे आठ हा त्याचा कागद झाला. मोजणी त्या जागेवरच्या सगळ्यांची होते: मालकाचे पगारी, या कॉन्ट्रॅक्टरचे, दुसऱ्याचे, पॅकिंगच्या बायका, सगळे. आणि एकदा लागू झाला की पुढं माणसं कमी झाली तरी सुटत नाही. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाचा हप्ता भरायची पहिली जबाबदारीसुद्धा मुख्य मालकाचीच.

आता नोंदणीचं. अपघात 12 ला, नोंदणी 14 ला. हा डाव नेहमीचाच: माणूस दवाखान्यात गेला की घाईनं नोंदवायचं आणि रुजू तारीख 1 ऑगस्ट टाकायची. ईएसआयचं ब्रँच ऑफिस अशा केसमध्ये चौकशी लावतं, लावायलाच पाहिजे. पण घाबरून नोंदणीच नाकारू नका. हप्ता भरला नाही हा मालकाचा गुन्हा, त्यामुळं कामगाराचा विमा जात नाही. डिसेंबर 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भारगथ इंजिनिअरिंगच्या निकालात हेच सांगितलंय: लागू असलेल्या कारखान्यातला कामगार विमाधारकच, हप्ता भरलेला असो वा नसो. ईएसआय महामंडळ कामगाराला देतं आणि कलम 68 खाली मालकाकडून वसूल करतं. चौकशीत मेव्हण्यानं खरी रुजू तारीखच सांगावी. 'साहेबांनी सांगितलं 1 ऑगस्ट सांग' म्हणून ती सांगितली, तर पुढं प्रत्येक कागदाशी विसंगती येते.

ईएसआयमध्ये मिळतं काय? कामावर येता येत नाही तोवर पगाराच्या 90 टक्के. नंतर मेडिकल बोर्ड टक्के ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा, मरेपर्यंत. ढोबळ हिशेब: 14,000 चे 90 टक्के 12,600, त्याचे 20 टक्के म्हणजे महिन्याला 2,520. 30 टक्के ठरले तर 3,780. हे मिळत असताना दुसरीकडं नोकरी केली तरी बंद होत नाही. 28 वर्षांच्या माणसाला एकरकमी साडेतीन लाखांपेक्षा हे बरं, असं माझं मत. तेही वीस-तीस हजार वकिलाला न घालवता.

आणखी एक मोठा फरक आहे. नुकसानभरपाई कायद्यात मालक म्हणू शकतो की कामगारानं गार्ड (मशीनचं संरक्षक झाकण) मुद्दाम काढला, सूचना धुडकावली. पूर्ण अपंगत्व किंवा मृत्यू असेल तर हा बचाव चालत नाही, पण दोन बोटांच्या केसमध्ये चालतो. ईएसआयमध्ये कलम 51-ब आहे: नियम मोडून काम करत असला तरी ते मालकाच्या धंद्यासाठीच होतं, तर ती कामावरचीच इजा.

करायचं असं. ब्रँच ऑफिसला लेखी अर्ज द्या, पोच घ्या: अपघाताची तारीख, वेळ, मशीन, खरी रुजू तारीख, खरा पगार पाकिटासकट, सोबतच्या दोघातिघांची नावं. अपघाताचा फॉर्म 12 मालकानं भरला का ते विचारा, भरला असेल तर त्यात काय लिहिलंय ते बघा. मागणी देय झाल्यापासून बारा महिन्यांत करावी लागते, त्यामुळं येत्या ऑगस्टपर्यंत निवांत बसू नका. 'ही जागा लागू नाही' असं उत्तर आलं तर ते लेखी घ्या, कारण तोच कागद घेऊन कामगार न्यायालयात जायचंय. उत्तर लांबलं तर दोन वर्षं संपायच्या आत तिकडं अर्ज घालून ठेवा आणि त्यात ईएसआयची चौकशी चालू असल्याचं लिहा.

---

लेबरकोर्टवाला

मान्य. मेसेज नजरेतून सुटला. ईएसआय लागू असेल तर वरचं सगळं गणित बाजूला. फक्त पाकिटातले 4,500 दोन्हीकडं भांडायचे आहेत. बँकेतले 9,500 धरले तर 20 टक्क्यांचे 3,55,807 ऐवजी 2,41,441 होतात, आणि ईएसआयचे 2,520 ऐवजी 1,710. ओव्हरटाइम हा पगारच. पुरावा काय तर हजेरी वहीचे फोटो, शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे 'आज डबल' सारखे मेसेज, पाकिटावर पेन्सिलनं लिहिलेला आकडा. अभियांत्रिकी उद्योगाचं किमान वेतन जाहीर आहे, तोही आकडा सोबत जोडा. त्याच्या खाली पगार दाखवून मालकाला सुटता येत नाही.

---

डाय_सेटर

कायद्याचं वरच्या दोघांनी सांगितलंय, मी मशीनचं सांगतो, कारण सहा महिन्यांत त्या प्रेसला नवा रंग मारून झालेला असणार.

पहिलं, क्लच कुठला ते विचारा. जुन्या 50 टनी प्रेसला बहुतेक की-क्लच असतो. त्यातली चावी झिजली किंवा स्प्रिंग तुटली की पाय पेडलवरून काढला तरी रॅम (प्रेसचा वरून खाली येणारा भाग) परत खाली येतो. शॉपमध्ये त्याला डबल स्ट्रोक म्हणतात. मेव्हण्याला एवढंच विचारा: बोटं गेली तेव्हा पाय पेडलवर होता का? नव्हता तर हा मशीनचा दोष, आणि 'निष्काळजी कामगार' ही गोष्ट तिथंच संपते. आधीच्या आठवड्यात कुणी डबल स्ट्रोकची तक्रार केली होती का, मेंटेनन्सवाल्यानं स्प्रिंग बदलली का, कुठल्या दुकानातून आणली, हेही शोधा.

दुसरं, टू-हँड बटणं. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय स्ट्रोक पडू नये, म्हणजे हात डायमध्ये (नगाला आकार देणाऱ्या साच्यात) असूच शकत नाहीत. पण नग वाढवायचे म्हणून एक बटण शॉर्ट करतात किंवा त्यात लाकडी पाचर ठोकून वर टेप गुंडाळतात. ते कुणी केलं, हा सगळ्या केसचा गाभा. सुपरवायझरनं केलं, किंवा पाचर महिनोन् महिने सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होती, तर 'कामगारानं मुद्दाम गार्ड काढला' हे टिकत नाही. शिफ्टला किती नगांचं टार्गेट होतं तेही लिहून काढा. टू-हँडनं तेवढे नग निघूच शकत नसतील, तर बटण शॉर्ट करायचा हुकूम वरूनच होता हे आकडेच सांगतात.

तिसरं, डायमधून नग काढायला चिमटा किंवा मॅग्नेट दिला होता का? बऱ्याच ठिकाणी हातानंच काढायला लावतात आणि तपासणीच्या दिवशी चिमटे बाहेर येतात.

अपघाताच्या वेळी लागू असलेल्या कारखाने कायद्याच्या कलम 21 प्रमाणे मशीनचा धोकादायक भाग झाकलेला पाहिजे होता, आणि ज्यामुळं कामगाराला 48 तास किंवा जास्त काम करता येणार नाही असा अपघात कळवणं बंधनकारक होतं. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला लेखी कळवा आणि नंतर माहिती अधिकारात विचारा: या पत्त्यावरून या तारखेच्या अपघाताची सूचना आली का, तपासणी झाली का, अहवाल द्या. सूचना आलेलीच नाही, हेही उत्तर कामाचंच. नातेवाइकांनी शेडमध्ये शिरून फोटो काढायला मात्र जाऊ नये, तिथं भांडण झालं की प्रकरण भलतीकडं जातं. अजून कामावर असलेल्या पोराला साक्षीला आत्ताच ओढू नका. त्याची हजेरी बंद होईल आणि तो फिरेल.

---

उद्यमनगर_पाव्हणा

मनापासून आभार. रुजू तारीख खरी मार्च 2024, त्याचे बँकेतले पगार दिसतात. पेडलचं विचारलं, पाय काढला होता म्हणतो. दोन शंका राहिल्या. केसपेपरवर 'घरी' लिहिलंय त्याचं काय करायचं? आणि पोलिसात जायचं का?

---

लेबरकोर्टवाला

केसपेपरचं आधी. दवाखान्यानं नोंदवलेली हकीकत ही सोबत आलेल्या माणसानं सांगितलेली असते. ती कुणी सांगितली ते त्याच पानावर बहुतेक असतंच, 'सोबत: अमुक, नातं: मित्र' असं. दवाखान्याकडं लेखी अर्ज करून सगळे इनडोअर कागद मागा: पहिल्या तासातली नोंद, ऑपरेशनची नोंद, नर्सिंग चार्ट. नर्सिंग चार्टमध्ये कित्येकदा खरं पडतं, कारण रात्री पेशंट सिस्टरशी स्वतः बोलतो. दाखल झाल्याची वेळ रात्री साडेनऊ आणि हातावर प्रेसचं ऑइल, जखम सरळ रेषेत चेचून तुटलेली, असं असेल तर पट्ट्याची गोष्ट डॉक्टरच साक्षीत खोडतील. पट्ट्यात सापडलेलं बोट पिळवटून ओढलं जातं, डायखाली आलेलं चपटं होऊन कापतं. केसपेपरमध्ये खाडाखोड करायला मात्र दवाखान्याला सांगू नका. मूळ चुकीची नोंद परवडली, दुरुस्त केलेली नाही.

पोलिसात गेलंच पाहिजे असं नाही. भरपाईला एफआयआर लागत नाही. यंत्राबाबतच्या निष्काळजीपणाला भारतीय न्याय संहितेचं कलम 289 आणि गंभीर दुखापतीला 125 ब आहे. तक्रार दिली तर पंचनामा होतो हा फायदा, पण सहा महिन्यांनी पंचनाम्यात काय सापडणार. कॉन्ट्रॅक्टर धमकावत असेल तर जरूर द्या.

नोटीस मालक आणि कॉन्ट्रॅक्टर दोघांना पाठवा, स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, त्यामुळं खिडकीवर 'रजिस्टर एडी' मागत बसू नका. प्रकरण कमिशनरकडंच चाललं तर व्याज 12 टक्के आहे, 3,55,807 वर वर्षाला 42,697. विनाकारण थकवलं म्हणून 50 टक्क्यांपर्यंत दंडही मागता येतो, तो विमा कंपनी नाही, मालक भरतो. हे दोन आकडे नोटिशीत लिहिलेत की 60,000 वाले परत बोलायला येतात.

वकील परवडत नसेल तर कसबा बावड्यात जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. आणि अपील व्हायची वेळ आली तर आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच, सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टात बसतंय. अपिलात जायचं तर मालकाला मंजूर झालेली रक्कम आधी भरावी लागते, हेही त्याला एकदा ऐकवा.

---

विमा_हप्ता_075

मार्च 2024 पासूनचे बँकेतले पगार हे सोन्यासारखे. बँकेतून शिक्क्याचं स्टेटमेंट घ्या, मोबाइलचा स्क्रीनशॉट नको, आणि पाठवणाऱ्याच्या खात्याचं नाव दिसेल असं बघा. कॉन्ट्रॅक्टरऐवजी मालकाच्या फर्मच्या खात्यातून आले असतील, तर 'तो आमचा माणूस नाही' हे बोलायची सोयच राहात नाही.

आणि हो, सीपीआरमधून अपंगत्वाचं यूडीआयडी सर्टिफिकेट काढायचं तर काढा. पण त्यावरचे टक्के वेगळ्या मापाचे असतात. ते ईएसआयच्या बोर्डासमोर आपणहून ठेवू नका. बोटांच्या इजेत ते कमी निघाले, की तोच आकडा समोरचा उचलतो.

---

उद्यमनगर_पाव्हणा

पगार फर्मच्याच खात्यातून आलेत. सोमवारी अर्ज घेऊन ब्रँच ऑफिसला जातो.

---

डाय_सेटर

जाताना अर्जाच्या तीन प्रती न्या. पोच मागितली की 'झेरॉक्स नाही' म्हणतात.